पाण्याचा मजला बांधायचा राहिला

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

शेठजींनी आज दुपारच्या आत तीनदा चहा पाजला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी वंगाळ सांगायचंय. राधेश्यामशेठ माणूस चांगला, पण वाईट बातमी त्यांच्या तोंडून सरळ निघत न्हाई. आधी पावसाचं बोलतात, मंग कपाशीचं, मंग माझ्या गुडघ्याचं.

झालं असं की पैसे लावून खेळायच्या खेळांवर दिल्लीत बंदी आली आन आमच्या 'नवा डाव' मासिकाच्या जाहिराती एका दिवसात बसल्या. चार वर्षं झाली, मलपृष्ठ पत्त्याच्या अ‍ॅपवाल्याचं, आतलं पान दुसऱ्या पत्त्याच्या अ‍ॅपवाल्याचं. मला ते कधीच पटलं न्हाई. पोरांच्या मासिकात असल्या जाहिराती! पण त्यांच्याच जिवावर अंक निघत होता आन मी गुमान प्रूफं तपासत होतो, हेबी खरं. बंदी आली ते बराबर झालं असं मन म्हणतं, आन आता अंक कशावर निघायचा, हेबी मनात येतं.

भागवत आन प्रीती, दोघांना या महिन्यापासून बंद केलं. भागवत पानं लावायचा, प्रीती वर्गणीदार सांभाळायची. आता राह्यलो मी आन अक्षता. शेठजी म्हणाले, "दिवाळी अंक निकालो तातेराव, अच्छा निकालो. फिर देखेंगे."

'फिर देखेंगे' मी सतरा वर्षं ऐकून राह्यलोय. दर वेळी निभावलं. याही वेळी निभावंल.

३ सप्टेंबर

महिन्यात आलेली पत्रं: चार. एके काळी पोतं भरायचं. जालन्यातून निघणारं कॉम्प्युटर-मोबाईलच्या खेळांचं मराठी मासिक, पण पत्र पार गडहिंग्लजहून यायचं. 'संपादक काका, तिसऱ्या किल्ल्याच्या दारात अडलोय, परीक्षेच्या आधी सांगा.' आता पोरगं अडलं की मोबाईलवर व्हिडिओ बघतं. दोन मिनिटांत दार उघडतं. त्याला महिनाभर थांबायची गरज काय? मी तरी थांबलो असतो का?

एक पत्र आष्टीचं होतं. मला वाटलं, चला, अजून कुणी अडलंय. उघडलं तर वर्गणी बंद करा म्हणून.

अक्षता परतूरची पोरगी, सत्तावीस वर्षांची, हात सोन्याचा. ती खेळ खेळते, नकाशे काढते, कुठून कसं जायचं ते पान लिहिते. मंग ते पान हातात धरून मी खेळायचं. मला खेळातलं ओ का ठो कळत न्हाई. माझी लायकी तीच. पान वाचून माझ्यासारखा अडाणी पोचला तर कुणीबी पोचंल. मी अडलो तर पान चुकलं, लिहा परत. सतरा वर्षांत मी शेवटापर्यंत पोचलो न्हाई असं एकबी पान छापलेलं न्हाई. बदनापूरहून रोज येतो त्या गाडीतले लोक हसतात, म्हणतात तातेरावाला ढ असायचा पगार मिळतो. हसू द्या.

९ सप्टेंबर

पप्पू आला! बंगळूरहून, महिनाभराच्या सुट्टीवर.

शेठजींचा एकुलता एक. 'नवा डाव' त्याचंच लेकरू. पंधरा वर्षांचा असताना बापाच्या मागं लागला, आपल्या बियाण्याच्या धंद्याची पत्रकं अन् कॅलेंडरं छापून मशीन अर्धा महिना रिकामं असतं, त्यावर माझं मासिक छापा. शेठजींनी हौस पुरवली आन प्रूफं बघणाऱ्या मला उचलून संपादक केलं. पुढं पप्पू शिकला, मोठ्या कंपनीत गेला, खेळ बनवायला लागला. मासिक माझ्या गळ्यात राह्यलं. पण खरं सांगायचं तर मला ते गळ्यात पडलेलं आवडलं.

आला तो सरळ माझ्या पाया पडला. वाळला पार. मी म्हणलं, "अरे, तिकडं खायला घालतात का न्हाई?" नुसता हसला.

१२ सप्टेंबर

पप्पू रोज हापिसात येऊन बसतो. एवढा मोठा साहेब, पण चार दिवसांत एक फोन न्हाई. कंपनीत वट असणार त्याची. सुट्टीत त्रास द्यायची कुणाची हिंमत होत न्हाई. घरी कौसल्याला कौतुकानं सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "ज्याला काम असतं त्याचा फोन वाजतो."

बायकांना प्रत्येक गोष्टीत वाकडंच दिसतं.

१८ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव न्हाई. गाडी उशिरा, मी भिजून चिंब. पण दिवस सार्थकी लागला.

पप्पूनं आज लॅपटॉप उघडून त्याचा खेळ दाखवला. अकरा जणांनी तीन वर्षं खपून केलेला. नाव 'बारव'. सात मजल्यांची जुनी विहीर, एक पोरगी घागर घेऊन पाण्यासाठी खाली खाली उतरते, दर मजल्यावर एक कोडं. काय ते दगड केलेत! खांबाच्या कोपऱ्यात पारव्यांनी केलेली घाण सुद्धा बराबर. मी म्हणलं, "पप्पू, ही आपल्याकडचीच बारव रे!" तर म्हणे, "हाव काका, लहानपणी बाबूजींबरोबर गावोगाव बियाणं वाटायला जायचो तेव्हा बघितलेल्या."

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. दिवाळी अंकात 'बारव'! सोळा पानांचा अख्खा फर्मा, सातही मजल्यांचे नकाशे, खेळ करणाऱ्यानं स्वतः लिहिलेला. देशात कुणाकडं नसंल असं. जाहिरातवाले धावत येतील परत.

अक्षतानं विचारलं, "पप्पूदादा, खेळ बाजारात कधी येणार?"

"येईल," म्हणाला.

अक्षता माझ्याकडं बघत राह्यली. मला तिच्या या सवयीचा राग येतो. चांगल्या कामात आधी खोट काढायची.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रात्र लई झालीय, तरी आजच लिहितो.

तीन दिवस मी बारव उतरत होतो. मांडीवर पानं, समोर लॅपटॉप. पप्पूनं लिहिलेलं वाचायचं आन एकेक पायरी उतरायची. चौथ्या मजल्यावर माझं घोडं पेंड खायला लागलं, तिथलं पान दोनदा लिहायला लावलं. पप्पू न चिडता लिहीत होता. या तीन दिवसांत तो पोटभर जेवला, माझ्या डब्यातली ठेच्याची भाकरी सुद्धा संपवली.

आज दुपारी सहावा मजला सुटला. दगडी दार सरकलं. पोरगी आत गेली आन पडली. खाली काहीच न्हाई. पायरी न्हाई, पाणी न्हाई, नुसतं राखाडी. ती घागर घेऊन पडतच राह्यली.

मी घाबरलो. "माझं काय चुकलं रे? डाव्या हाताची कळ आधी दाबायची होती का?"

पप्पू म्हणाला, "न्हाई काका. तुमचं बराबर आहे. पुढं बांधलंच न्हाई."

"म्हंजे?"

"पाण्याचा मजला बांधायचा राहिला. त्याच आठवड्यात आम्हाला काढलं."

मंग त्यानं सगळं सांगितलं. जुलैमधली गोष्ट. सकाळी साडेदहाला सगळ्यांना ऑनलाइन मीटिंगला बोलावलं. एकशे चाळीस माणसं. एक बाई कागद बघून वाचत होती, चार मिनिटं. पप्पू म्हणाला, "आमचा आवाज त्यांनी आधीच बंद करून ठेवलेला होता, काका. काही विचारायची सोयच न्हाई. मीटिंग संपली आन कॉम्प्युटर बंद पडला. आत जाता येईना. ही एक जुनी प्रत माझ्याकडं राह्यली, एवढंच."

खेळ बाजारात येणार न्हाई. कधीच न्हाई. दोन महिने पोरगं तिथं खोलीत एकटंच बसून होतं, मंग सुट्टीचा बहाणा करून इकडं आलं.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "बाबूजींना सांगू नका. त्यांनी साऱ्या जालन्यात सांगून ठेवलंय, माझा पोरगा तिकडं मोठा माणूस आहे म्हणून. दिवाळी होऊ द्या, मीच सांगीन."

मी शब्द दिला. देवाची शप्पथ घेऊन दिला.

२९ सप्टेंबर

आता फर्म्याचं काय करायचं? अक्षता म्हणाली काढून टाकू. जो खेळ कुठंच मिळत न्हाई त्याचे नकाशे छापायचे म्हंजे लोक वेड्यात काढतील. तिचं बराबर आहे. पण सहा मजले पोरांनी बांधलेत, मी स्वतः उतरून आलोय. ते कुठंतरी कागदावर राह्यला पाहिजेत. मी म्हणलं, छापायचं.

सातव्या मजल्याचं पान मोकळं. आमचा कायदा असा की पानावर खोटं लिहायचं न्हाई. 'पुढे पाणी सापडेल' असं लिहून कसं चालंल? वाचणारा अडंल. तासभर बसून मी दोन ओळी लिहिल्या: 'येथून पुढे खेळ बांधलेला नाही. काम चालू असतानाच कंपनीने बांधणाऱ्या सगळ्यांना कामावरून काढले.'

पप्पूनं वाचल्या. परत एकदा वाचल्या. मंग म्हणाला, "राहू द्या."

"शेठजी वाचतील तर?"

"बाबूजींनी कधी एक तरी अंक वाचलाय का?"

तेबी खरंच. छापायच्या आधी सगळी प्रूफं शेठजींच्या सहीला जातात, पण सतरा वर्षांत त्यांनी फोनवर भाव बोलत बोलत सह्या केल्यात. दिवाळी अंकाची प्रूफं आज संध्याकाळी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पप्पूचं नाव टाकलं, तेवढीच बापाला खुशी.

१ ऑक्टोबर

प्रूफं परत आली. सगळ्या पानांवर सह्या. कुठं खाडाखोड न्हाई. सुटलो!

शेठजींनी संध्याकाळी बोलावलं. आज चहा न्हाई, पाऊस न्हाई, कपाशी न्हाई. डोळे लाल दिसत होते, झोप झाली नसंल. म्हणाले, "तातेराव, पप्पू को सब सिखाओ. कागद, छपाई, वर्गणी, सगळं. दिवाळीच्या आधी."

मला काय आनंद झाला! म्हंजे शेठजींना मासिक चालू ठेवायचंय. बाप बाप असतो, न सांगता पोराच्या मनातलं ओळखतो. पप्पूलाबी हाताला काम. एका दगडात दोन पक्षी.

कौसल्याला सांगितलं. तिनं विचारलं, "अन् तुमी काय करणार?"

"मी शिकवणार."

"शिकवून झाल्यावर?"

म्हणलं, तुला छपाईतलं काय कळतं. ती उठून आत गेली.

२ ऑक्टोबर, दसरा

मशीनची पूजा. दरवर्षी नारळ माझ्या हातानं फुटतो. यंदा शेठजींनी पप्पूच्या हातात दिला. बराबरच आहे, घरचं पोरगं घरी आलं. मला क्षणभर कसंतरी झालं, पण ते झेंडूच्या वासानंबी होतं कधी कधी.

८ ऑक्टोबर

पप्पूला शिकवून राह्यलोय. हुशार आहे, एकदा सांगितलं की पुरे. कागदवाल्याशी कसं बोलायचं, रंग उतरला तर मशीनवाल्याला काय म्हणायचं, टपालाचे गठ्ठे कसे बांधायचे. सतरा वर्षांचं ज्ञान आठ दिवसांत संपत आलं. जरा जल्दीच संपलं असं वाटलं. मला वाटायचं, माझ्याकडं लई आहे.

पण एक गोष्ट खटकते. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत न्हाई. डबा पुढं केला तर म्हणतो जेवून आलोय. आन काल मला 'अहो सर' म्हणाला. सर! याचं नाक पुसलंय मी.

१४ ऑक्टोबर

अंक आला. काय देखणा झालाय! अक्षताचे नकाशे तर भिंतीला लावावेत असे. वास घेतला, तोच ओला वास.

अक्षताला शेठजींनी बियाण्याच्या पिशव्यांची चित्रं काढायला वरच्या मजल्यावर घेतलंय, उद्यापासून. मी म्हणलं, "आन मासिक?" तर सामान आवरता आवरता म्हणाली, "काका, खाली खुर्ची एक आहे. माणसं दोन. तुमच्या ध्यानात येत न्हाई का तुमी येऊ देत न्हाई?"

मी तिच्यावर ओरडलो. कारण नसताना ओरडलो. बिचारी रडली न्हाई, अंकाची एक प्रत मागून घेतली आन माझी सही घेतली त्यावर.

गाडीत बसल्यावर लई पस्तावलो. आन मंग खुर्चीचा विचार डोक्यात बसला तो बसलाच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कौसल्याला अजून सांगितलं न्हाई. ती वसुबारसेची तयारी करून राह्यली. आधी इथं लिहितो.

अकराच्या सुमाराला पप्पू आला, दार लावून घेतलं. शेठजी कुठायत म्हणून विचारलं तर हैदराबादला गेलेत म्हणाला, बियाण्याच्या कामाला. ऐन दिवाळीत कोण हैदराबादला जातं? तोंड चुकवलं शेठजींनी. सतरा वर्षांनंतर त्यांच्यानं चहा पाजणंबी झालं न्हाई.

"सर, बसा."

"बसलेलोच आहे मी. तू बस. आन सर कुणाला म्हणतो?"

बसला. खिशातून टाइप केलेला कागद काढला आन वाचायला लागला. "बदलत्या परिस्थितीत छापील अंक बंद करून..." आवाज फाटला. परत पहिल्यापासून सुरू केलं. "बदलत्या परिस्थितीत..."

"पप्पू," म्हणलं, "शेठजींनी पानं वाचली ना?"

त्यानं मान हलवली. "पहिल्यांदाच वाचली, काका. माझं नाव दिसलं म्हणून शेवटपर्यंत वाचली. त्या रात्री जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वेबसाइट कर, खालची खोली तुझी. मी म्हणलं काकांचं काय, तर म्हणाले एकालाच परवडतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोराला दिलेला शब्द मीच मोडला, स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात. वर त्याचं नाव मोठ्या टाइपात टाकून बापाला वाचायचं आवतण दिलं. आन सह्या बघून सुटलो म्हणून नाचत घरी आलो. पप्पूची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी कशाची मागता? एवढ्या दिवसांनी बाबूजी माझ्याजवळ येऊन बसले."

मंग कागद उचलून परत वाचायला लागला. मला सहन होईना. कागद काढून घेतला आन उलटा ठेवला.

"हे कागद बघून वाचायचं न्हाई. तोंडानं म्हण. माझ्याकडं बघून."

"मला जमणार न्हाई."

"जमंल. तुला कुणी तोंडावर सांगितलं न्हाई, म्हणून तू दोन महिने खोलीत बसून राह्यला. मला तसं बसायचं न्हाई. म्हण."

पाणी प्याला. उठला, परत बसला. पाच-सात मिनिटं गेली असतील. बाहेर मशीनवर कुठल्या तरी वाणाची पत्रकं छापणं चालू होतं. मंग त्यानं वर बघितलं.

"तातेकाका, दिवाळीपासून तुमाला इथं काम न्हाई. तुमच्या जागेवर मी बसणार आहे."

ऐकून लागायचं ते लागलंच. मला माहीत होतं, तरी. परवापासून माहीत होतं, खरं तर दसऱ्यापासून. त्याला वाटलं, झालं, आता जावं. दाराकडं निघाला.

"कुठं निघाला? बस. आता माझी बारी. मी बोलणार आन तू ऐकणार."

मंग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत न्हाई. म्हणलं मला लई वाईट वाटलं. सकाळी आठच्या गाडीला मी काय करू, फलाटावर लोक विचारतील तेव्हा काय सांगू. अठ्ठावन्नाव्या वर्षी ढ माणसाला कोण कामाला ठेवतं. तुझा बाप भेकड आहे म्हणलं, हेबी बोललो. मासिक आधीच मेलं होतं आन मला दिसत होतं, तरी मी पत्रं मोजत बसलो, हेबी बोललो. आवाज चढला, मशीनवाला काचेतून डोकावून गेला. पप्पू उठला न्हाई. मान खाली घातली की मी म्हणायचो वर बघ, आन तो वर बघायचा.

दीड वाजला. मी थकलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "काका, माझ्यावर चिडलात का?"

मी म्हणलं, "हाव. लई."

तेव्हा तो मोकळा रडला, आन मंग मीबी.